मक्यातलं तण: उगवणीआधी मारायचं की नंतर? आणि मागून कांदा आहे, त्याचं काय?

गिरणाकाठ · ११ जून

राम राम मंडळी. देवळा तालुक्यात माझा तीन एकर मका असतो आणि मक्यामागे उन्हाळ कांदा. आमच्या भागात हे घरोघरी चालतं. प्रश्न मक्यातल्या तणाचा आहे, पण खरी काळजी कांद्याची.

गेल्या वर्षी पेरणी झाली आणि आठ दिवस पाऊस लागून राहिला. उगवणीआधीचं तणनाशक राहून गेलं. मग वाफसा (रानात उतरता येईल इतकी बेताची ओल) येईना, मग फवारणीचा पंप मिळेना, मग घरात लग्न. फवारायला उभा राहिलो तेव्हा मका बत्तीस दिवसांचा होता आणि केना हे तण गुडघ्याला लागत होतं. दुकानात "पंपाला पंधरा मिली" एवढंच सांगितलं. टेंबोट्रायोन आणलं, सोबत ॲट्राझिनचा पुडा. चार-पाच दिवसांत गवत पांढरं फटक पडलं, घरात सगळे खूश. बाराव्या दिवशी केन्याच्या पेरापेरातून हिरवे कोंब वर आले. लव्हाळा थोडा पिवळसर झाला आणि पुन्हा तरारला. शेवटी बारा बाया दोन दिवस खुरपायला लावल्या.

त्याहून वाईट जानेवारीत झालं. कांदा लावल्यावर बांधाकडच्या तीन वाफ्यांत रोपांचे शेंडे पिवळे पडून वाळायला लागले. आधी वाटलं करपा. नंतर डोक्यात आलं की फवारताना वळायची जागा तीच, आणि उरलेलं औषधही मी तिथेच संपवलं होतं.

यंदा १५ ते २० जूनच्या दरम्यान पेरणी होईल. उगवणीआधी मारू की नंतर? काय, किती? ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी सांगावं.

काळी_माती · ११ जून

भाऊ, ओल बघा. जमिनीत ओल असेल तर उगवणीआधी, नसेल तर नंतर. सिल्लोड-कन्नड पट्ट्यात आम्ही पेरणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ॲट्राझिन मारतो. कोरड्या मातीवर मारलं तर ते वरच पडून राहतं, तणाच्या मुळापर्यंत जातच नाही.

नवाकोरा · ११ जून

उगवणीआधी म्हणजे मक्याच्या की तणाच्या?

काळी_माती · ११ जून

दोघांच्याही. पेरणी झाली, पाऊस पडला किंवा पाणी दिलं, की तीन दिवसांच्या आत.

जुना_वखर · ११ जून

मी चाळीस वर्षं मका केला. पंधराव्या दिवशी पहिलं कोळपं, तिसाव्या दिवशी दुसरं, मधे एक खुरपणी. चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले की मका ओळी झाकतो, मग खाली काही वाढत नाही. कोळप्याने तण तर जातंच, माती मोकळी होते, मुळाला भर लागते, भेगा बुजतात आणि ओल टिकते. बाटलीत यातलं एकही काम नाही. आणि मागच्या पिकाला धोका शून्य. गिरणाकाठ, तुमचा कांदा सुखरूप ठेवायचा असेल तर उत्तर बैलाच्या खांद्यावर आहे.

काळी_माती · ११ जून

काका, पटतं. पण बैल राहिलेत किती जणांकडे? माझ्या गल्लीत एक जोडी आहे आणि वाफसा सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी येतो. गेल्या साली माझा नंबर सहाव्या दिवशी लागला, पाचव्या दिवशी पुन्हा पाऊस.

शिवारफेरी · १२ जून

कृषी पदवीधर आहे, बारा वर्षं तणनाशकांच्या चाचण्या आणि सल्ल्याचं काम करतोय. थोडं लांबेल, पण नीट सांगतो.

गिरणाकाठ दादा, तुमचं औषध चुकलं नव्हतं, वेळ चुकली. टेंबोट्रायोन आणि टोप्रामेझोन ही दोन्ही तणाच्या पानातला रंग तयार होण्याची साखळी तोडतात. पानातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं हिरव्या रंगद्रव्याला उन्हापासून जपत असतात. ती बनायची थांबली की हिरवेपणा उन्हात जळतो आणि नवं पान पांढरं निघतं. तण दोन ते चार पानांचं असेल तर त्या पांढऱ्या अवस्थेतच उपाशी मरतं. गुडघ्याएवढ्या केन्याच्या पेरांत मात्र साठा असतो. तो काही दिवस पांढरा राहतो आणि मग नवा फुटवा काढतो. तुम्ही बाराव्या दिवशी पाहिलंत ते हेच.

म्हणून नंतरची फवारणी पेरणीपासून १५ ते २० दिवसांत, आणि तेव्हाही दिवसांपेक्षा तणाची पानं मोजा. रानात चार ठिकाणी खाली बसा. गवताला चौथं पान फुटत असेल तर दुसऱ्या दिवशी पंप बाहेर काढा.

मात्रा. ॲट्राझिन ५० टक्के डब्ल्यूपी (पाण्यात कालवायची पावडर) उगवणीआधी एकरी ४०० ते ८०० ग्रॅम. हलक्या रानाला कमी, भारी काळ्या रानाला जास्त, कारण काळी माती औषध धरून ठेवते. टेंबोट्रायोन ३४.४ टक्के एससी (दाट द्रव) एकरी ११५ मिली, आणि त्याच्यासोबत येणारा सर्फेक्टंट एकरी ४०० मिली. तो सोडू नका, त्याच्याशिवाय औषध पानावर पसरत नाही. टोप्रामेझोन घेणार असाल तर एकरी ३० ते ४० मिली, त्याच्या सोबतच्या तेलासह. या दोन्हींत कमी मात्रेचं ॲट्राझिन मिसळलं तर काम जास्त चांगलं होतं, पण तुमच्याकडे मागून कांदा आहे, त्यामुळे ते स्वतंत्र बोलू.

मका ॲट्राझिनने मरत नाही कारण त्याच्या पेशीत ग्लुटाथायोन नावाचं संयुग औषधाला झपाट्याने चिकटवणारं एन्झाइम असतं. त्याने औषध निकामी होतं. कांद्याला, गव्हाला, कडधान्याला ते तेवढ्या झपाट्याने जमत नाही. म्हणून मक्यात मूग, उडीद किंवा सोयाबीन आंतरपीक असेल तर ॲट्राझिनला हात लावायचा नाही.

गिरणाकाठ · १२ जून

शिवारफेरी दादा, सर्फेक्टंटची बाटली खोक्यात होती. साबणाच्या पाण्यासारखं दिसलं म्हणून मी ती घेतलीच नाही. अजून गोठ्यात ठेवलेली आहे.

शिवारफेरी · १२ जून

मग निम्मं उत्तर तिथेच मिळालं. केन्याच्या पानावरून नुसतं पाणी कसं ओघळतं ते पावसात बघितलं असेल. औषधाचंही तेच झालं.

काळी_माती · १२ जून

शिवारफेरी, कांद्याच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा घाबरट आहे. आमची माती चुनखडीची, सामू आठच्या वर. अशा मातीत ॲट्राझिन हळू विरघळून जातं असं ऐकलंय. एक वर्ष पाऊस कमी होता, मी ८०० ग्रॅम मारलं होतं. मागच्या गव्हाची खालची पानं कडेने वाळली. तेव्हापासून ज्या तुकड्यात कांदा किंवा गहू यायचा आहे तिथे मी पेंडीमिथॅलिन मारतो. ३० टक्के ईसी (पाण्यात दुधासारखं मिसळणारं द्रव), एकरी साधारण १३०० मिली, पेरणीनंतर लगेच, ओलीवर. ते कांद्यातही चालतं, त्यामुळे मागे राहिलं तरी झोप उडत नाही. एवढंच की मक्याचं बी पाच सेंटिमीटर खोल हवं आणि वर माती झाकलेली हवी. उथळ बी असेल तर मुळ्या आखडतात. आणि हाताला हळदीसारखा पिवळा रंग बसतो, दोन दिवस जात नाही, म्हणून हातमोजे घाला.

शिवारफेरी · १२ जून

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. "विरघळून" नाही, विघटन म्हणू, पण मुद्दा तोच: विम्लधर्मी मातीत आणि कमी पावसात ॲट्राझिन जास्त दिवस टिकतं. जूनमध्ये ४०० ग्रॅम मारलं आणि पावसाळा नीट झाला तर डिसेंबरच्या शेवटच्या कांद्याला सहसा त्रास होत नाही. मोठी मात्रा, उशिरा फवारणी, दोनदा पडलेली जागा आणि कोरडं वर्ष, यातल्या दोन गोष्टी जुळल्या की त्रास होतो. गिरणाकाठ दादांच्या बांधाकडे उशीर आणि दुहेरी मात्रा दोन्ही होतं.

आपला मतभेद एवढाच की मी त्यांना ४०० ग्रॅमवर ॲट्राझिन घ्या म्हणेन आणि तुम्ही पेंडीमिथॅलिन. पेंडीमिथॅलिन गवतवर्गावर आणि माठ-घोळीवर चांगलं आहे, केन्यावर त्याचा फारसा भरवसा मी धरणार नाही.

जुना_वखर · १२ जून

म्हणजे केना दोन्हीकडून सुटतो. माझं कोळपं तयार आहे.

रानवाट · १२ जून

मी शेती करत नाही, माझी आई अकोल्याच्या, म्हणजे नगरकडच्या अकोले तालुक्याच्या शिवारात खुरपायला जाते. वाचताना दोन गोष्टी मनात आल्या.

पहिली भाजीची. तुम्ही ज्यांना मारायचं बोलताय त्यातलं निम्मं आमच्या ताटात असतं. घोळ, तांदुळजा, कुरडूची कोवळी पानं, कुंजर. केन्याच्या पानांची भजी तर पहिल्या पावसात हमखास. आई खुरपताना एका हाताने गवत बांधावर टाकते आणि दुसऱ्या हाताने भाजी ओच्यात. हल्ली ती शेतमालकाला आधी विचारते, "फवारलंय का?" बऱ्याचदा त्यांनाच आठवत नाही. माझी कळकळीची विनंती आहे: फवारलं की बांधावर एक काठी आणि तिला फडकं बांधा. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल.

दुसरी पाण्याची. युरोपीय संघाने ॲट्राझिन २००४ मध्ये बंद केलं ते भूजलात सापडत होतं म्हणून. आपल्या विहिरींचं काय?

गिरणाकाठ · १२ जून

ताई, फडकं बांधतो. यंदापासून नक्की.

शिवारफेरी · १२ जून

रानवाट ताई, प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात ॲट्राझिन, २,४-डी आणि पेंडीमिथॅलिन, तिन्ही होती. ती आजही बाजारात आहेत. ॲट्राझिन मातीला फार घट्ट धरून राहत नाही, हलक्या आणि उताराच्या रानातून पाण्यासोबत खाली जाऊ शकतं. म्हणून विहिरीपासून लांब पंप भरायचा, विहिरीवर पंप धुवायचा नाही, आणि एका हंगामात एकदाच, कमीत कमी मात्रेत. उगवणीआधी मारलं असेल तर नंतरच्या फवारणीत पुन्हा ॲट्राझिन मिसळायचं नाही.

दूधगंगा · १३ जून

माझा प्रश्न चाऱ्याचा. कागल भागात मी मुरघासासाठी मका करतो, सहा म्हशी आहेत. तणनाशक मारल्यावर मधलं गवत कापून म्हशींना टाकलं तर चालतं का? शेजारी टाकतो.

शिवारफेरी · १३ जून

नाही. गवत हवं असेल तर फवारणीच्या आधी कापा. पांढरं पडलेलं गवत म्हणजे औषध अंगात घेतलेलं गवत. मक्यासाठी काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर दिलेलं असतं आणि मुरघासाचा मका दाणा दुधात-चिकात असताना कापतो, तोवर पुरेसा काळ गेलेला असतो. हिरवा चारा म्हणून दाट पेरून लवकर कापणार असाल तर उगवणीनंतरची फवारणी करूच नका. दाट मका स्वतःच तण दाबतो.

कपाशी_एरंडोल · १३ जून

२,४-डी बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ते स्वस्त आहे, रुंद पानाचं तण मारतं, म्हणून मक्यात बरेच जण घेतात. माझ्या शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी घेतलं. वारा माझ्याकडे होता. माझी कपाशी त्याच्या बांधापासून तीस-चाळीस फुटांवर. आठ दिवसांत शेंड्याची नवी पानं अरुंद, लांबट, बोटांसारखी फाटलेली निघाली. शिरा जाड, एकमेकीला चिकटलेल्या. पाती गळली. सात ओळी गेल्या.

भांडण झालं नाही, तो मुद्दाम करणारा माणूस नाही. पण ऐका: कपाशी, द्राक्ष, टोमॅटो शेजारी असेल तर २,४-डी नकोच. आणि ज्या पंपाने ते मारलं तो पंप कपाशीला कधीच वापरायचा नाही. नुसत्या पाण्याने धुऊन ते जात नाही, नळीच्या रबरात राहतं. मी आता तणनाशकाचा पंप वेगळा ठेवलाय, त्यावर लाल रंगाचा पट्टा.

मळेवाडी · १३ जून

लाल पट्ट्याची कल्पना उचलली.

जुन्नरकडून एक भर. स्वीटकॉर्नवाल्यांनी सगळ्या मक्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. काही गोड मक्याच्या जाती या पांढरं पाडणाऱ्या औषधांना नाजूक असतात. मी पाच गुंठ्यांवर आधी मारून बघितलं, पानांवर पांढरे पट्टे आले, दहा दिवस वाढ थांबली. बियाणं देणाऱ्याला विचारा, आणि तरी आधी एक तुकडा मारून बघा.

शिवारफेरी · १३ जून

मळेवाडी बरोबर. बीजोत्पादनाच्या नर-मादी ओळींनाही हेच लागू. आणि २,४-डी उंच मक्यावर मारलं तर मक्यालाही इजा होते: ताटं ठिसूळ होतात, वाऱ्याने मोडतात, आधारमुळं एकमेकांत चिकटतात. पोंगा, म्हणजे मधली कोवळी पानं, कांद्याच्या पातीसारखा गुंडाळून राहतो.

नवाकोरा · १३ जून

लष्करी अळीसाठी पंधराव्या दिवशी फवारणी करतोच. त्याच पंपात तणनाशक मिसळलं तर एक फेरी वाचेल ना?

काळी_माती · १३ जून

मित्रा, अळीचं औषध पोंग्यात जायला हवं आणि तणनाशक ओळींमधल्या तणावर. एकाच धारेने दोन्ही जागी नीट पडत नाही. नोझलही वेगळं: अळीला गोल शंकूसारखा फवारा, तणाला चपट्या पंख्याचा. आणि काही कीटकनाशकांसोबत मक्याची तणनाशक पचवायची ताकद कमी होते. एक फेरी जास्त घाल.

प्रेअरीवरून · १४ जून

मी मूळचा चाळीसगावचा, सध्या इलिनॉयमध्ये बियाण्याच्या क्षेत्रात काम करतो. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन, दुसरं काही दिसत नाही. इथली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे म्हणून लिहितो.

इथे ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीन १९९६ मध्ये आलं आणि मका १९९८ मध्ये. मग सगळ्यांनी वर्षानुवर्षं एकच औषध मारलं. इथे वॉटरहेम्प नावाचं तण आहे, आपल्या माठाचा सख्खा भाऊबंद. एका मादी झाडाला दोन-अडीच लाख बी सहज येतं. ते आधी ॲट्राझिनला दाद देईनासं झालं, मग ग्लायफोसेटला. मग लोक त्या पांढरं पाडणाऱ्या औषधांकडे वळले. २००९ च्या सुमारास इलिनॉयमधल्याच एका बीजोत्पादनाच्या मक्यात त्यांनाही न मरणारं वॉटरहेम्प सापडलं. त्या रानात वर्षानुवर्षं तोच गट फवारला जात होता.

आता इथले मोठमोठे शेतकरी फवारणीनंतर उरलेलं एकेक झाड हाताने उपटायला माणसं शोधतात. आपल्याकडे माठाची जात काही कमी नाही. जुना_वखर काकांचं कोळपं मोडीत काढू नका, एवढंच दूरवरून सांगतो.

जुना_वखर · १४ जून

चाळीसगावकर, तुमचं भलं होवो. नातवाला वाचून दाखवायला सांगितलं, दोनदा ऐकलं.

कपाशी_एरंडोल · १४ जून

ग्लायफोसेटवरून आठवलं. इकडे काही जण मका गुडघ्याएवढा झाला की पंपाला टोपी लावून ओळींमधून ग्लायफोसेट किंवा पॅराक्वाट मारतात. थेंब उडाला की मका गेला. आणि पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ते आपण पाहिलंय. मका मरो की जगो, माणूस राहिला पाहिजे. असले खेळ नकोत.

शिवारफेरी · १४ जून

सहमत. ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फत वापरायचं बंधन घातलेलं आहे, आणि भारतात ते सहन करणाऱ्या मक्याला लागवडीची परवानगी नाही.

गिरणाकाठ · १५ जून

खूप मिळालं. आता लव्हाळ्याचं सांगा. एका एकरात तो चटईसारखा आहे. दुकानदार हॅलोसल्फ्युरॉनचा ३६ ग्रॅमचा पुडा देतो म्हणतोय, उसात लोक वापरतात.

शिवारफेरी · १५ जून

दादा, थांबा. लव्हाळ्यावर ते खरोखर चांगलं आहे, गाठीपर्यंत जातं. पण ते सल्फोनिलयुरिया गटातलं आहे, जमिनीत टिकतं आणि कांदा त्याला फार नाजूक. अमेरिकेतल्या लेबलवर त्याच्यानंतर कांदा घ्यायला वर्षाहून जास्त अंतर सांगितलंय. ज्या एकरात कांदा येणार तिथे ते नको. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काशा उन्हाळ्यात खोल नांगरून, तापवून, वेचून काढायच्या. यंदा तो एकर खुरप्यानेच सांभाळा.

आणि सगळ्यात आधी एक काम करा. औषध आणण्यापूर्वी साध्या पाण्याने पंप मोजा. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक गुंठा, दोरीने आखा. पंप भरा, नेहमीच्या चालीने गुंठा फवारा, किती पाणी गेलं ते बघा. गुणिले चाळीस.

गिरणाकाठ · १६ जून

केलं. मुलगा दोरी धरून उभा, मी फवारतोय, आणि रस्त्याने जाणारे विचारतात पावसात पाणी कशाला मारतोस.

गुंठ्याला बरोबर ४ लिटर गेलं. म्हणजे एकराला १६० लिटर, १६ लिटरचे दहा पंप. आता गेल्या वर्षीचा हिशोब केला. तेव्हा मी घाईघाईने चालून एकराला सहाच पंप मारले होते. सहा गुणिले पंधरा, ९० मिली. हवं होतं ११५. म्हणजे तण मोठं, औषध कमी, सर्फेक्टंट नाही. आणि उरलेलं सगळं बांधाजवळ, जिथे दुप्पट-तिप्पट पडलं. एकाच पंपाने एका बाजूला तण जगवलं आणि दुसऱ्या बाजूला कांदा जाळला. दुकानात कुणी एकराचं पाणी विचारलंच नाही, मीही विचारलं नाही.

काळी_माती · १६ जून

हे "पंपाला इतकं" म्हणणं बंदच झालं पाहिजे. माझे पंप एकराला बारा लागतात, तुमचे दहा. झाकणाने मोजून दोघांना सारखं कसं चालेल?

ॲट्राझिनची पावडर थेट पंपात टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात आधी पिठल्यासारखी गुठळ्या मोडून कालवा, मग गाळून पंपात. आणि पंप पाठीवर अधूनमधून हलवत राहा. ती पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते. नाहीतर पहिल्या ओळीला पाणी आणि शेवटच्या ओळीला लापशी.

दूधगंगा · १६ जून

उगवणीआधी फवारताना मागे मागे सरकत यायचं, म्हणजे फवारलेल्या मातीवर पाय पडत नाही. आमच्या वडिलांची शिकवण.

गिरणाकाठ · २१ जून

१८ तारखेला पेरणी, ६० बाय २० सेंटिमीटर, बी दोन बोटं खोल नीट झाकलं. १९ च्या रात्री पाऊस. २० ला सकाळी वारा पडलेला होता तेव्हा फवारलं. दोन एकरांत ॲट्राझिन ४०० ग्रॅमप्रमाणे, पंपाला ४० ग्रॅम. ज्या एकरात कांदा सगळ्यात आधी लागतो तिथे पेंडीमिथॅलिन, पंपाला १३० मिली. दोन्ही सल्ले एकाच रानात, आता बघू. हात खरंच पिवळे होतात, मोजा फाटका होता.

बांधाजवळ वळताना पंपाची कळ सोडली. उरलेलं अर्धा पंप औषध त्याच मक्याच्या चुकलेल्या ओळींवर पाणी वाढवून मारलं. काठीला फडकं बांधलंय, लाल.

रानवाट · २१ जून

आईला सांगितलं. ती म्हणाली, "भला माणूस."

गिरणाकाठ · ८ जुलै

विसावा दिवस. खाली बसून पानं मोजली. ॲट्राझिनच्या दोन एकरांत रुंद पानाचं जवळजवळ काही नाही, माठ-कुंजर दिसतच नाही. शिप्पी आणि थोडं इतर गवत आहे, तीन पानांचं. पेंडीमिथॅलिनच्या एकरात उलटं: गवत नाही, केना आहे, तीन-चार पानांचा. लव्हाळा जिथे होता तिथे आहेच.

आज तिन्ही एकरांत टेंबोट्रायोन, पंपाला साडेअकरा मिली, सर्फेक्टंट पंपाला ४० मिली. ॲट्राझिन मिसळलं नाही. सकाळी नऊपर्यंत आटोपलं, दुपारी चारला सर आली.

शिवारफेरी · ८ जुलै

चारपर्यंत पुरेसा वेळ मिळाला. दहाव्या दिवशी केन्याची पेरं बघा.

गिरणाकाठ · १९ जुलै

बघितली. लहान केना पांढरा पडून मऊ झाला आणि मातीला मिळाला. बांधाच्या सावलीत तीन-चार मोठे होते, ते उपटले. लव्हाळ्याच्या एकरात काल चार बाया अर्धा दिवस लावल्या. आणि जुना_वखर काका, बावीस-पंचवीस दिवसांच्या मक्यात एक कोळपं पण मारलं, गावातली ती एकच जोडी आली होती. तुम्ही म्हणालात तशी भर लागली, मका काळाभोर दिसतोय.

जुना_वखर · १९ जुलै

वाचून पोट भरलं.

गिरणाकाठ · २७ ऑक्टोबर

मका काढला, सुकत पडलाय. आता कांद्याची रोपं वाफ्यात आहेत आणि तीच धाकधूक. शिवारफेरी दादा, रानात ॲट्राझिन उरलंय का हे लावणीआधी कळायची काही सोय आहे?

शिवारफेरी · २७ ऑक्टोबर

आहे, आणि घरीच. रानातली वरची चार बोटं माती घ्या, दोन-तीन कुंड्यांत किंवा फुटक्या बादल्यांत भरा. शेजारी जिथे कधी औषध पडलं नाही, समजा अंगणातली किंवा पडीकातली, तीही भरा. दोन्हींत गहू आणि काकडीचं बी टाका, उन्हात ठेवा, सारखं पाणी द्या. अडीच-तीन आठवडे बघा. ॲट्राझिन उजेडातल्या अन्ननिर्मितीवर घाव घालतं, त्यामुळे उगवण चांगली होईल, फसू नका. त्रास असेल तर आधी खालची, जुनी पानं कडेने आणि टोकाकडून पिवळी पडून वाळतात. दोन्ही कुंड्यांतली रोपं सारखी दिसली तर बिनधास्त लावा.

गिरणाकाठ · २७ ऑक्टोबर

माती रानाच्या मधून घेऊ ना?

शिवारफेरी · २७ ऑक्टोबर

मधून एक कुंडी. पण दोन बांधाजवळच्या, जिथे पंप वळतो तिथल्या.

गिरणाकाठ · २७ ऑक्टोबर

गेल्या वर्षीचे तीन वाफे होते तिथेच. उद्या सकाळी भरतो.